अळणी घर

चालताना बोलायचं नाही, हा आईचा नियम होता. त्या मंगळवारी पहाटे तो तिनंच मोडला.

आम्ही मिठागराच्या बांधावरून चाललो होतो. ती पुढे, मी चार पावलं मागे, दोघीही अनवाणी. सूर्य अजून खाडीपलीकडच्या डोंगराआड होता. वाफ्यांतलं पाणी इतकं स्थिर होतं की आकाश कुठे संपतं ते कळत नव्हतं. दोन्ही बाजूंना आदल्या दिवशी ओढलेल्या मिठाच्या राशी होत्या. वैशाखातल्या पहाटे त्या पांढऱ्या दिसत नाहीत, जरा निळसर दिसतात. आई एका राशीपाशी थांबली. एरवी ती वाटेत कधी थांबत नसे. थांबलं की चालण्याचा अर्धा फायदा गेला, असं म्हणायची. मी जवळ पोचले तेव्हा तिनं माझा हात धरला आणि राशीकडे पाहत हलकेच म्हणाली,

"यमू, केवढं चांदणं उरलंय गं अजून."

बोलले तर ती हात काढून घेईल असं वाटलं.

माझं नाव यामिनी. आई मला यामिनीच म्हणायची, पूर्ण, हजेरीपटावरून वाचल्यासारखं. ती गावातल्या शाळेत एकतीस वर्षं पी.टी.ची बाई होती. दिघेबाई म्हटलं की तालुक्यात अजूनही काही पन्नाशीच्या बायका नकळत ताठ उभ्या राहतात. मी शाळेत गेले आणि घरातली यमू संपली, असं बाबा कधीतरी थट्टेनं सांगायचे. मला ते नाव ऐकल्याचं आठवत नव्हतं, तरी कानाला ते परकं वाटलं नाही. उरलेला बांध आम्ही हात धरून चाललो. तिचा तळवा मऊ आणि थोडा घामेजलेला होता. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते आणि तो हात इतका वेळ माझ्या हातात कधी राहिला होता, हे मला आठवेना.

आई असेपर्यंत हे मी कुणाला सांगितलं नाही.

आमचं गाव पेणच्या पुढे, खाडीला लागून. मागच्या दाराच्या तीन पायऱ्या उतरलं की परसातले माड, आणि माड संपले की मिठागरं. वाऱ्याला मीठ, विहिरीच्या पाण्याला मचूळ चव, खिडकीच्या गजांना बारा महिने गंज. घरातल्या अन्नात मात्र मिठाचा कण नव्हता, बावीस वर्षं. बाबांची मूत्रपिंडं बिघडली आणि डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळं पातेलं ठेवायला आईनं नकार दिला. एका घरात एकच चव, म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी मिठाची बरणी शेजारच्या सुंदराबायला देऊन टाकली. चार वर्षांनी बाबा गेले. मीठ परत आलं नाही. उलट त्याच्या मागोमाग साखर गेली, चहा गेला, तेलाची फोडणी गेली. आम्ही कायस्थ, आमच्या घरातून मासळी जाणं म्हणजे घरातलं एक माणूस जाण्यासारखंच, पण तीही गेली. त्या सगळ्याच्या जागी मातीची भांडी आली, मोडाचे मूग आले, उन्हाच्या पेटीत शिजणारा भात आला. पहाटे पंचवीस सूर्यनमस्कार, त्याआधी तांब्याच्या तांब्यातून उपाशीपोटी पाणी. सत्तरी ओलांडल्यावरही ती तिशीतल्या बाईसारखी चालायची. गावात थट्टा व्हायची, नदीकाठी राहून पारोसं राहावं तसं दिघेबाईंचं आहे, म्हणून. आईच्या कानावर ती जायची, पण तिला त्याचं काही वाटायचं नाही.

सुंदराबाय मोकल आमच्या कुंपणापलीकडे राहायची. तिच्या घरात तीन पिढ्या मिठाच्या आगरावर राबलेल्या. हंगामाचं पहिलं मीठ निघालं की एक टोपली ती आमच्या मागच्या दाराशी आणून ठेवायची, बावीस वर्षांत एकदाही न चुकता. आई ती टोपली दोन्ही हातांनी घ्यायची आणि माडांच्या मुळाशी रिकामी करायची. माडांना लागतं, मला नाही, एवढंच बोलायची. सुंदराबायनं कधी वाईट वाटून घेतलं नाही. माड बरा, ऐकतो तरी, असं मला म्हणायची.

मी पुण्याला एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. दर उन्हाळ्यात आठदहा दिवस गावी यायचे आणि आईच्या घरी आईसारखं खायचे. कुरकुर करायची नाही, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. परत जाताना मात्र पेणच्या स्टँडवर गाडीला वेळ असो नसो, दोन बटाटेवडे आणि वर मीठ लावलेली मिरची खायचे. हे आईला माहीत असावं. तिनं कधी विचारलं नाही.

त्या वर्षी मी पोचले तेव्हा तिचा रसाहार चालू होता. वैशाखात पंधरा दिवस ती फक्त दुधीचा, कोहळ्याचा रस घ्यायची आणि दुपारी वाटीभर पेज. डोकं जरा जड आहे, म्हणाली. मळमळतंही होतं. उष्णता आहे, पाण्यानं निघून जाईल. सहा तांब्यांचे आठ झाले, आठांचे दहा. भरून मीच देत होते.

मंगळवारी बांधावरून परत आल्यावर तिनं सूर्यनमस्कार घातले नाहीत. सतरंजी अंथरली, तिच्यावर बसली आणि समोरच्या माडाच्या झावळ्यांकडे पाहत राहिली. मी विचारलं तेव्हा म्हणाली की आज झावळ्याच घालतायत, बघ ना, किती छान वाकतायत.

त्यानंतरचे दिवस मला एकसलग आठवत नाहीत. आठवतो तो उजेड. आगरावरचं ऊन भिंतीवर येऊन हलत राहायचं, त्यामुळे सगळं घर पाण्याखाली असल्यासारखं वाटायचं. आई त्या उजेडात हळूहळू फिरायची, भिंतीला हात लावत, मध्येच थांबून हसत. एरवी पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला तासभर लावायची आणि तिला घाई नसायची. मलाही नव्हती. मी घड्याळ काढून कपाटात ठेवलं होतं.

बुधवारी दुपारी तिनं मला पुढ्यात बसवलं आणि केसांना तेल लावायला घेतलं. माझे केस तिनं शेवटचे कधी विंचरले असतील ते देवाला ठाऊक. शाळेत असताना तिनंच ते कापून टाकले होते, पळताना मध्ये येतात म्हणून. ती बोटं अगदी सावकाश फिरवत होती. मला झोप लागत आली होती, तेव्हा ती म्हणाली,

"तुझा पाय फळीच्या अलीकडेच होता, यमू."

मला कळायला क्षणभर लागला. नववीत असताना जिल्ह्याच्या स्पर्धेत मी लांब उडी मारली होती. शेवटची, सगळ्यांत लांब. पंच म्हणून फळीपाशी आई उभी होती आणि तिनं लाल झेंडा वर करून ती बाद ठरवली होती. मी त्यानंतर मैदानावर पाऊल ठेवलं नाही, पुस्तकांत शिरले ती आजतागायत. घरात त्या दिवसाबद्दल एक शब्द कधी निघाला नव्हता.

"मग झेंडा का दाखवलास?" मी मान न वळवता विचारलं.

"सगळा तालुका बघत होता ना गं. आईच पंच, आणि मुलगीच पहिली." तिची बोटं थांबली, मग पुन्हा चालू लागली. "तुझे पाय फार सुंदर उचलले गेले होते. हरणासारखे. मला टाळ्या वाजवायच्या होत्या."

तेल कपाळावरून ओघळलं, ते मी पुसलं नाही.

त्याच संध्याकाळी सुंदराबायनं मला कुंपणापाशी बोलावलं. हातातलं फावडं तिनं कुंपणाला टेकवलं आणि आवाज खाली आणून बोलली.

"बाय, बाईंनी आज माना आये म्हनून हाक मारली."

मी हसले. म्हटलं, उपास आहे, ऊन आहे, थकलीय.

"थकलेलं मानूस येगलं दिसतं." सुंदराबाय हसली नव्हती. "आमच्या आगरावर असं होतं. उन्हात घाम जातो नि मानूस नुसतं पानी पीत ऱ्हातं. मंग डोकं हलकं होतं. हसतं, गातं, मेलेल्यांशी बोलतं. म्हनून आमी तोंडात मिठाचा खडा धरतो. तुजी आय बावीस वर्सं खडा धरत नाय. उद्या पेनला ने, डॉक्टरला दाव."

मी बरं म्हटलं. सुंदराबाय माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, मग फावडं खांद्यावर टाकून गेली.

गुरुवारी सकाळी आई उठली ती गुणगुणतच. मी तिला गाताना पहिल्यांदाच ऐकत होते. आवाज बारीक, पण सुरात होता. पेज करताना तिनं मला जवळ बसवून घेतलं आणि पहिला घास मला भरवला, शाळेला उशीर होईल म्हणाली. मी घास खाल्ला. शाळेला सुट्टी आहे, असं सांगितलं. तिला फार आनंद झाला. मग आज वाचून दाखव, म्हणाली.

आईला वाचनाचं कौतुक कधीच नव्हतं. बसून वाचणं म्हणजे पाठीला बाक आणि डोळ्यांना चष्मा, हे तिचं मत. माझे दोन्ही पुरावे तिच्या समोरच होते. त्या दिवशी ओटीवर तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मी हाताला लागलं ते पुस्तक उघडून वाचत गेले. समोर मिठागर तापून थरथरत होतं. राशी जमिनीपासून वर उचलल्यासारख्या दिसत होत्या. मध्येच ती म्हणायची की तिच्या आईनं धुणं वाळत घातलंय, वारा सुटला तर उडून जाईल. मी म्हणायचे, नाही उडणार. मग ती पुन्हा डोळे मिटायची. मी इतकं वाचलं की घसा सुकला. पाणी प्यायला उठावं लागेल, म्हणून तशीच वाचत राहिले. तिला तहान लागली तेव्हा मात्र तांब्या भरून दिला.

मी पुस्तकांवर जगलेली बाई. शेवटी शेवटी कडक माणसं मऊ होतात, पिकल्या फळासारखी, असं किती पानांवर वाचलेलं. मिठाच्या राशीला चांदणं म्हणणं मला उपमा वाटली होती. आईच्या आत इतकी वर्षं कुणीतरी कवयित्री राहत होती आणि नैसर्गिक जगण्यानं तिला आता वाट करून दिली, असाही एक विचार मी केला. तो इथे लिहायला लाज वाटते.

शुक्रवारी तिला चालताना आधार लागायला लागला. ती माझ्या खांद्यावर रेलून चालायची आणि आपण दोघी जत्रेला निघालोय असं म्हणायची. जेवण तिनं जवळजवळ टाकलं होतं. संध्याकाळी सुंदराबाय दाराशी आली, आत न येता विचारलं, नेलंस का. मी म्हटलं, उद्या.

शनिवारी सकाळी आई उठली नाही. डोळे उघडे होते. मी तिच्या तोंडापुढे वाकले, तर ती माझ्यातून आरपार पलीकडे बघत होती. ओठ हलत होते, शब्द लागत नव्हते. मी यमू, यमू म्हणून माझंच नाव तिला सांगत राहिले. मग मागच्या दारात जाऊन सुंदराबायला हाक मारली. तिच्या पुतण्याच्या टेंपोत घालून आम्ही तिला पेणला नेलं. सगळ्या रस्त्यात सुंदराबायनं आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही.

डॉक्टर पाठारे तरुण होते, शांत. रक्ताचा कागद आला तेव्हा तो त्यांनी दोनदा पाहिला. अंगातलं मीठ एवढं खाली गेलंय की झटके यायचे, ते आले नाहीत हेच नशीब, म्हणाले. वय, ऊन, अळणी खाणं, त्यात रसावर राहणं आणि वर एवढं पाणी. मिठाचं पाणी शिरेतून द्यायला लागेल, पण अगदी सावकाश. घाई केली तर मेंदूला इजा होते. मग त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, हे बरळणं कधीपासून होतं.

"काल-परवापासून," मी म्हटलं.

सुंदराबाय दारात उभी होती. तिनं ऐकलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

दोन दिवस, दोन रात्री थेंब पडत राहिले. मी बाकड्यावर बसून ते पाहत होते. त्या दोन दिवसांत मी मनात काय काय मागितलं, ते सगळं सांगता येणार नाही. ती जगावी हे मागितलं. तेवढंच मागितलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी आई डोळे उघडून छताकडे पाहत होती. मग खिडकीकडे, मग माझ्याकडे.

"यामिनी," ती म्हणाली, "खिडकी उघड. हवा कोंडलीय."

मी खिडकी उघडली. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन थोडा वेळ उभी राहिले.

घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी लिहून दिल्या. रोजच्या जेवणात मीठ, आणि पाणी मोजून. तोंडी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे पुन्हा होऊ शकतं, आणि प्रत्येक वेळी माणूस असं धड परत येतं असं नाही.

पाणी आईनं लगेच कमी केलं. डॉक्टरांच्या म्हणण्यात चूक काढता आली नाही की ती ऐकायची. मिठाला ती तयार झाली नाही. मी पेजेत मीठ घातलं तर पहिल्याच घासाला तिनं वाटी खाली ठेवली. बावीस वर्षांच्या कोऱ्या जिभेला चिमूटभरही लपत नव्हतं. वेगळं ठेवलं तर हात लावत नव्हती. मी समजावलं, चिडले, डॉक्टरांचा कागद भिंतीला लावला. सुंदराबाय येऊन उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली की बाई, माडाला देता तेवढं सोताला द्या. आई म्हणाली, सुंदरा, तू माझं डोकं मांडीवर घेतलंस, तुझे उपकार आहेत, पण हे सोड. दोन दिवस असेच गेले. तिच्या पावलांतला तोल पुन्हा जरासा जाऊ लागलाय असं मला वाटायला लागलं, आणि पुण्याची माझी वाढवून घेतलेली सुट्टी चार दिवसांत संपत होती.

गुरुवारी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात जेवायला बसलो. तिच्यापुढे पेज, बाजूला मिठाची छोटी वाटी. तिनं वाटी दोन बोटांनी दूर सरकवली. मी म्हटलं की हा हट्ट आहे, तत्त्व नाही. पुस्तकातलं वाटणारं ते वाक्य मला अजून आठवतं.

आई पेजेकडे बघत राहिली. मग म्हणाली,

"गेले त्या दिवशी त्यांनी लोणचं मागितलं होतं."

बाबांबद्दल ती बोलत होती, हे कळायला मला वेळ लागला. बाबा गेले तेव्हा मी पुण्याहून पोचले, तोवर सगळं संपलं होतं.

"सुंदरा तिकडे कैऱ्या चिरत होती. वास येत होता. म्हणाले, कुमुद, एक फोड. एवढीशी." तिनं बोटाचं पेर दाखवलं. "मी म्हटलं, चार वर्षं पाळलंत, आता कशाला मोडता. ते बरं म्हणाले. कूस वळवली. दिवे लागायच्या आत गेले."

बाहेर आगरावर फावडी ओढल्याचा आवाज येत होता, एकसारखा.

"तुला माहीत नव्हतं ना, ते जाणार आहेत," मी म्हटलं.

"माहीत होतं. दोन दिवस आधीच कळलं होतं मला." तिनं माझ्याकडे पाहिलं. "त्यांना नाही दिलं, ते मी कोणत्या तोंडानं खाऊ?"

एवढी पुस्तकं, आणि यावर एक ओळ नव्हती. ती बाई इतकी वर्षं तब्येत राखत होती असं सगळा गाव समजत होता, मीही समजत होते. मी माझ्या ताटाकडे पाहिलं आणि तेव्हा मला कळलं की मला जे सांगायचं नाही तेवढंच आता सांगण्यासारखं उरलंय.

"आई, मला तुझ्यावर लक्ष ठेवता येणार नाही."

"ठेव म्हटलंय कुणी? तुझी नोकरी आहे, तू जा."

"तसं नाही. इथे राहिले तरी येणार नाही." माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता. "सुंदराबायनं मला गेल्या बुधवारीच सांगितलं होतं. मीठ कमी पडलंय, डॉक्टरला दाखव म्हणून. मी तुला शनिवारी नेलं."

आईची बोटं पेजेच्या वाटीच्या काठावर थांबली.

"शुक्रवारी तिनं परत विचारलं. मी उद्या म्हटलं. डॉक्टरांना सांगितलं, काल-परवापासून."

"तीन दिवस," आई म्हणाली. हिशेबाला ती नेहमीच पक्की होती.

"हो."

"तुला तिचं खरं वाटलं नाही?"

"वाटलं. ऐकलं तेव्हाच वाटलं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी नजर खाली घातली नाही; ते तिनंच शिकवलेलं. तिला त्या दिवसांतलं काहीही आठवत नव्हतं, तसं तिनं मला दवाखान्यातच सांगितलं होतं. तेल नाही, पुस्तक नाही, जत्रा नाही. फळीचं ती जे बोलली ते खरं होतं की त्या धुक्यातलंच एक, हे मला कधीच कळणार नव्हतं. तरी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू जमत गेलं, लांबून येणारं माणूस ओळखू यावं तसं.

"फार चांगली वागत होते का मी?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

मी काय बोलले, काय केलं, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, आणि मग त्यातलं खरं किती, ते ती मला सांगू शकली असती, किंवा नसती. ती नुसती बसून राहिली. पाठ ताठ, हात मांडीवर.

"पुन्हा तसं झालं," मी कसंबसं म्हटलं, "तर लगेच उठून तुला घेऊन जाईन, असं मला सांगता येत नाही. एक दिवस तरी थांबेनच मी. मला माहीत आहे."

मग आईनं हात लांब करून मिठाची वाटी जवळ ओढली. चिमूट उचलली, पेजेत टाकली. थांबली. आणखी थोडी टाकली. बोटानं ढवळलं, जसं लहान मुलाची पेज ढवळतात तसं, आणि पहिला घोट घेतला. तो ती बराच वेळ तोंडात धरून बसली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलं नाही, आणि मीही तिकडे पाहिलं नाही. तिनं दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. वाटी रिकामी करून खाली ठेवली.

"पेज पातळ झालीय," ती म्हणाली. "उद्या पाणी कमी घाल."